कार्ब्युरेटर बदलण्याआधी

पावसाळाभर घरात उभी असलेली अब्बांची चेतक दिवाळीच्या सुमारास बाहेर काढली आणि तिचं दुखणं सुरू झालं. मुकुंदनगरातून निघाली की कोठल्यापर्यंत ठीक. चौकात थांबली, ॲक्सिलरेटर सोडला की बंद. चोक ओढला तर चालते, चोक आत ढकलला की पुन्हा बंद. एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने दोन मिनिटं कान लावला आणि निकाल दिला, "कार्ब्युरेटर गेला, नवा टाका. नाहीतर भंगारात द्या, किती दिवस वापरणार?"

त्या मुलाचा राग आला नाही. इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेला पोरगा तो. टू-स्ट्रोक त्याने उघडलीच असेल किती वेळा? पण आपण सगळेच हल्ली असा निकाल फार लवकर मान्य करतो, असं मला वाटतं.

झेंडीगेटच्या बाजूला एक चाचा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "टोपी खोलके देखी क्या?" पेट्रोलच्या टाकीच्या टोपीला बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की आत हवा जात नाही, पेट्रोल उतरत नाही आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालून मरते. टोपी उघडल्यावर जोरात चालू झाली तर रोग तिथेच सापडला. आमचा रोग तो नव्हता. मग त्यांनी प्लग काढला. काळा, ओला प्लग म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. आमचा कोरडा, पांढरट निघाला. म्हणजे इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. चोक ओढल्यावर गाडी चालते, तेही त्याचमुळे.

आता पेट्रोल कमी पडण्याची कारणं दोन. एक तर पायलट जेट चोंदलेला. मंद चालण्यापुरतं पेट्रोल त्या केसाएवढ्या छिद्रातून येतं. मेन जेट साफ असला तर गाडी पळते, पण थांबली की बंद. दुसरं कारण लपलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये. क्रँकचं ऑइल सील फाटलं तर तिथून भलतीच हवा ओढली जाते. क्लचकडचं सील गेलं असेल तर गिअरचं ऑइलही जळतं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट येतो. अशा गाडीचा कार्ब्युरेटर दहा वेळा धुवा, नवा बसवा, काही उपयोग नाही. दुकानातल्या निकालात ही शक्यता कोणी तपासलीच नव्हती.

आमचं सील शाबूत होतं. जेट काढला तर त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड. चाचांनी तो हवेने फुंकला. तार घातली नाही. पितळेचं छिद्र मोठं झालं की मिश्रणाचा हिशेब कायमचा बिघडतो.

ही पूड आली कुठून, हा माझ्या लेखाचा खरा विषय. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. गाडी चार महिने उभी राहिली की पाण्याचा अंश टाकीच्या तळाशी बसतो, आणि रिझर्व्हवर टाकलं की नेमकं तळाचंच पेट्रोल खाली येतं. जुन्या टाकीतला गंज आणि चिकटा त्याने सुटतो, जुने रबरी पाइप खराब होतात. शिवाय इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुन्या जेटच्या मापाने तेवढीच हवा येत राहिली की मिश्रण पातळ पडतं.

गंमत अशी की हे इथेनॉल आमच्याच मातीतलं. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा जिल्हा उसावर जगतो. इथेनॉलचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचत असेल तर त्याला विरोध करण्याचं मला कारण नाही. पण नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या गाड्यांसाठी 10 टक्क्यांचं पेट्रोलही मिळत राहावं. ते आज पंपावर मागून पाहा! सप्टेंबर 2025मध्ये इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ज्याला नवी गाडी परवडते त्याला फरक पडत नाही. जुन्या स्कूटरवर अंडी, पाव, कपड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्याला पडतो, आणि त्याची दुरुस्ती कोणाच्याच हिशेबात नाही.

आणि हे घडतंय नगरात! (कागदावर आता अहिल्यानगर.) या गावाने 1970च्या दशकात कायनेटिकची लूना बनवली. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथेच आहे. इंजिन हा या गावचा जुना विषय. वाहनदुरुस्तीत मुसलमानांचं प्रमाण मोठं आहे, हे सच्चर समितीनेही 2006 साली नोंदवलं. आपण मात्र घरात पोराला धमकी देतो, "शिकला नाहीस तर गॅरेजवर पाठवीन." चाचा करतात ते निदान आहे, डॉक्टर करतो तसंच. फरक इतकाच की त्यांच्याकडे कागद नाही, आणि म्हणून त्यांच्या हाताखाली यायला कोणी शागीर्द नाही. आयटीआयने अशा उस्तादांना आठवड्यातून एक तास वर्गात बोलवावं, मानधन द्यावं. त्याला कुठला मोठा खर्च?

तोवर जुनी टू-स्ट्रोक असणाऱ्यांनी एवढं करावं: टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. लांब मुदतीसाठी उभी करायची तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटर कोरडा होतो. ऑइल लिटरला 20 मिली. प्रेमापोटी जास्त ओतू नका, प्लग काळा होतो. रबरी पाइप स्वस्त असतो, वर्षाला बदला.

अब्बांची चेतक आता चौकात बंद पडत नाही. चाचांनी मजुरी किती घेतली ते लिहीत नाही, मलाच लाज वाटते. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर वही घेऊन त्यांच्याकडे बसायचं ठरलंय. ते सांगतील, मी लिहीन. पहिल्या पानावर टोपीचं छिद्र.