नाव घ्या, पण कुणाचं?



हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, "नाव घ्या, नाव घ्या" असा आग्रह सुरू झाला, की आढेवेढे घेत का होईना, आपण नाव घेतोच. कुणाचं, ते सांगायला नको! आज तुम्हाला अशा एका गाण्याची ओळख करून देणार आहे, ज्यात पन्नासाहून अधिक नावं घेतलेली आहेत, आणि त्यांतलं एकही 'यजमान' म्हणून घेतलेलं नाही.

गाण्याचं नाव 'हॉट टॉपिक'. 'ल तिग्र' या अमेरिकन बँडच्या 1999 साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. 'ल तिग्र' म्हणजे फ्रेंच भाषेत वाघ. बँड म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल कोटवाले येतात. हा तसला नव्हे. हे होते न्यूयॉर्कमधले तिघे जण : कॅथलीन हॅना, जोहाना फेटमन आणि सेडी बेनिंग.

यांतली कॅथलीन हॅना मुख्य गायिका. 1990 ते 1997 ती 'बिकिनी किल' नावाच्या पंक बँडमध्ये गात होती. पंक म्हणजे 1970 च्या दशकात रुजलेलं, मुद्दाम खडबडीत ठेवलेलं, वेगवान संगीत. गिटारवर दोन-तीन गोष्टी जमल्या, की उभं राहावं, उस्ताद होण्याची वाट पाहू नये, हा त्याचा बाणा. म्हणायला सगळ्यांनाच मोकळीक. पण कार्यक्रमात पुढे तरण्या पोरांची धक्काबुक्की चाले आणि मुली भिंतीला चिकटून मागे उभ्या. हॅना सरळ स्टेजवरूनच मुलींना पुढे बोलवायची आणि मुलग्यांना मागे सरकायला लावायची. त्यापायी तिला शिव्याही खाव्या लागल्या. पण मुली पुढे आल्या, हे खरं.

1998 मध्ये 'ज्यूली रुइन' या नावाने तिची एक ध्वनिमुद्रिका निघाली; ती तिने चक्क आपल्या राहत्या घरात तयार केली होती. ती गाणी लोकांपुढे म्हणता यावीत, म्हणून मैत्री जमवली, आणि त्यातून 'ल तिग्र' उभा राहिला. साहित्य तरी काय? एक गिटार, ठेका धरणारं यंत्र आणि सॅम्पलर. सॅम्पलर म्हणजे, आधी मुद्रित केलेल्या आवाजाचा एखादा तुकडा उचलायचा, तो पुनःपुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवं गाणं रचायचं. चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागतं ना, तसंच काहीसं! सेडी बेनिंग यांनी तर त्याआधी, किशोरवयातच, मुलांच्या खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर चित्रफिती केल्या होत्या. त्या कॅमेऱ्यात गाण्याची साधी कॅसेट घातली, की तिच्यावरच चित्रं उमटत. "आमच्याकडे साधनं नाहीत हो" असं आपण किती सहज म्हणतो!

हॅनाचा एक विचार मला फार पटतो. मुली आपापल्या खोलीत कितीतरी गोष्टी करत असतात. वही लिहितात, चित्रं काढतात, दार लावून नाचतात. पण प्रत्येकीची खोली वेगळी, भिंती जाड. शेजारच्या खोलीतही असंच कुणी बसलंय, हे कुणालाच ठाऊक नसतं. या ध्वनिमुद्रिकेत खोलीतल्या त्या एकटीच्या नाचावरही एक गाणं आहे. त्यातली मुलगी खोलीत असेतो कशालाच भीत नाही. प्रश्न असतो तो उंबऱ्याबाहेरचा.

आणखी एक गाणं आहे जॉन कॅसावेटिस या चित्रपट-दिग्दर्शकावर. हा माणूस थोर कलावंत, की बायकांचा द्वेष्टा? गाण्यात नुसता वाद चालतो, निकाल मिळत नाही. आवडत्या लेखकाबद्दल, नटाबद्दल आपलीही अशी ओढाताण होतेच की!

आता 'हॉट टॉपिक'कडे येऊ. ठेका असा, की हातातलं काम सोडून पाय हलू लागावेत. त्यावर नावं येत राहतात. गायिका नीना सिमोन आणि अरेथा फ्रँकलिन, टेनिसपटू बिली जीन किंग, मोटारींच्या शर्यती जिंकणाऱ्या शर्ली मल्डाउनी, कोळसा-खाणकामगारांच्या कुटुंबातून आलेल्या लोकगायिका हेझल डिकन्स. बहुतेक स्त्रिया, लेखक जेम्स बाल्डविन यांच्यासारखे काही पुरुषही आहेत. आणि ऐकता ऐकता आपण दचकतो, कारण दोन नावं आपल्याकडची येतात. कोलकात्यात जन्मलेल्या विदुषी गायत्री स्पिवाक, ज्यांनी महाश्वेतादेवींच्या कथा इंग्रजीत नेल्या. आणि दिल्लीत जन्मलेल्या, लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या वकील उर्वशी वैद. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी त्या आयुष्यभर लढल्या. 2022 मध्ये त्या वारल्या. त्यांचं नाव मात्र गाण्यात आहे तसंच आहे.

तुम्ही म्हणाल, नावांची यादी म्हणजे काय गाणं झालं? अहो, आपण विष्णुसहस्रनाम म्हणतो, त्यात काय असतं? नाव घेणं म्हणजे आठवण ठेवणं. वाट आधी कुणी पाडली, हे मोठ्याने सांगणं. ही ध्वनिमुद्रिका काढणारी 'मिस्टर लेडी' ही छोटी कंपनीही दोन स्त्रियांनी सुरू केलेली. 2004 मध्ये ती बंद पडली; पण गाण्यात तिचंही नाव घेतलेलं आहे, ते राहिलं.

आपल्याकडे बायकांची नावं फार लवकर हरवतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुनं माहेरच्या कपाटात जातं. तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव तुम्हाला सांगता येईल? आजेसासूबाईंचं? घरातल्या वडिलधाऱ्यांना विचारायला अजून वेळ आहे, तो दवडू नका. ज्या बाईंनी शिवण शिकवलं, जिने बाळंतपणात रात्री जागवल्या, जिने "परीक्षेला बस गं" म्हणून फीचे पैसे हळूच हातात ठेवले, त्यांचीही नावं हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. संपूर्ण नाव, गावासकट.

आणि ध्वनिमुद्रिका ऐकायची असेल, तर एक सूचना. एकूण बारा गाणी, साधारण पस्तीस मिनिटं. कणीक मळून पोळ्या होईतो संपते. आवाज खरखरीत आहे, मध्येच किंचाळणंही आहे. पहिल्या गाण्याला कानांवर हात ठेवू नका. या मंडळींचा राग खरा आहे, पण तो त्यांनी नाचता येईल असा करून मांडला आहे. घरात लेक मोठी असेल, तर तिलाही बोलवा. कदाचित तिला हे आधीच ठाऊक असेल, आणि दार लावून ती हेच ऐकत असेल.

वहीतलं पहिलं नाव कुणाचं लिहिलंत, ते पत्राने जरूर कळवा.