तंबू आमच्या वावरात, भाडे कोणाच्या खिशात?

हिवाळा लागला की परतवाडा-धारणी रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. टपावर तंबूची गाठोडी, गळ्यात दुर्बीण. सेमाडोह, कोलकास, हरिसाल असे थांबत ही मंडळी पाखरे बघत हिंडतात. यात वाईट काही नाही. वाघ दिसला नाही म्हणून चिडून जाणाऱ्यापेक्षा सुतारपक्षी बघून खूष होणारा पाहुणा केव्हाही बरा.

यातल्या बऱ्याच जणांना बघायचा असतो तो रानपिंगळा. १८८४ नंतर शंभरावर वर्षे या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती, तो संपला असेच पुष्कळांनी धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या अमेरिकी सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे मेळघाटातही सापडला. हा पिंगळा भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो, सरडे आणि उंदीर मारतो, झाडाच्या ढोलीत घर करतो. म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच! बांधावर उंदराचे विष टाकताना एवढे ध्यानात ठेवावे, कारण विष खाल्लेला उंदीर याच्याही पोटात जातो.

आता मुद्द्याचे. गुगामल राष्ट्रीय उद्यान ३६१ चौरस किलोमीटरचे, पण तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. म्हणून तंबू पडतात बाहेर, गावाच्या शिवारात, नदीकाठच्या वावरात. बाहेरचा एखादा माणूस येतो, तोंडी बोलीवर हंगामाची ठोक रक्कम देतो आणि पाहुण्यांकडून तेवढेच पैसे दोन-चार रात्रींत वसूल करतो. वावर आपले, विहीर आपली, मागे राहिलेल्या बाटल्याही आपल्याच.

शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायची तर महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. तलाठी भाऊसाहेबांना हे ठाऊक नसते असे कसे म्हणावे?

त्यापेक्षा जागा ग्रामसभेनेच ठरवावी. दर ठरवावा, पावती ग्रामपंचायतीची फाडावी, वाटाड्या म्हणून गावचाच पोरगा द्यावा. कोरकू पोरांना कोणते पाखरू कोणत्या झाडावर बसते हे शिकवावे लागत नाही. शहरी पाहुण्यांपुढे बोलण्याची भीड तेवढी मोडली पाहिजे.

दोन गोष्टींना मात्र सक्त मनाई हवी. एक, मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे. दुसरा नर आला असे समजून तो अंडी-पिल्ले सोडून भांडायला धावतो. फोटो छान येतो, घरटे मात्र उघडे पडते. दुसरी गोष्ट शेकोटी. सागाची पाने झडली की पाखरे सोपी दिसतात, म्हणून पाहुणे तेव्हाच जास्त येतात. नेमका तेव्हाच जमिनीवर पाचोळ्याचा थर असतो आणि मोह वेचायचे दिवस जवळ आलेले असतात. एक ठिणगी पडली की वणवा, आणि वणवा पेटला की वनखात्याचा पहिला संशय कोणावर येतो हे गावाला सांगायला नको.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या नोटिशीत हा विषय सरपंच-सचिवांनी घालावा. मार्चपर्यंत थांबलो तर यंदाचा हंगाम ठोक रकमेतच गेला म्हणून समजा.