केसपेपरवर उसण, चिखल्या आणि घोळणाही लिहा

कल्याण स्टेशनाच्या स्कायवॉकवरून पश्चिमेला उतरणारी माणसे सावलीतून एकदम उन्हात येतात, तेव्हा त्यांतल्या काहींना पाठोपाठ दोन-तीन शिंका येतात. सर्दी नसते, धुळीचाही दोष नसतो. डोळ्यांत लख्ख उजेड शिरला की त्यांचे नाक चाळवते. साधारण चार-पाच माणसांमागे एकाला ही खोड असते आणि बहुतेकदा ती आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते. वैद्यकात तिचे नाव आहे ‘ऑटोसोमल डॉमिनंट कम्पेलिंग हेलिओ-ऑप्थॅल्मिक आउटबर्स्ट’. पुढे जाऊन त्याच माणसाने घाईघाईने बर्फाचा गोळा खाल्ला आणि कपाळात कळ उठली, तर ती ‘स्फीनोपॅलाटाइन गँग्लिओन्युराल्जिया’. पोटात गुरगुरले तर ‘बोर्बोरिग्मी’, उचकी लागली तर ‘सिंगल्टस’, अंगावर काटा आला तर ‘हॉरिपिलेशन’. सकाळी उठून आळोखेपिळोखे दिले, तर त्यालाही ‘पॅन्डिक्युलेशन’ असे भारदस्त नाव आहे.

गप्पांत हे शब्द मजेचे वाटतात. दवाखान्याच्या कागदावर आले की मात्र त्यांचे वजन बदलते. उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटला म्हणून आई त्याला घेऊन जाते आणि हातात ‘एपिस्टॅक्सिस’ लिहिलेला कागद घेऊन परतते. रांजणवाडी ‘हॉर्डिओलम’ होऊन येते, घामोळे ‘मिलिआरिया’ होऊन. नुसते तोंड आले असेल तर कागदावर ‘ॲफ्थस अल्सर’ असते, आणि त्यातला ‘अल्सर’ हा एकच शब्द ओळखीचा असल्यामुळे घरात चिंता पसरते. हातापायांना मुंग्या येतात त्याचा ‘पॅरेस्थेशिया’ होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून रोज ये-जा केल्याने पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या ‘टिनिया पेडिस’ म्हणून नोंदल्या जातात. मग लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर तो शब्द शोधला जातो आणि चार ओळी खाली सरकताच एखादा भयंकर आजार समोर येतो. साधे दुखणे घेऊन गेलेला माणूस भीती घेऊन घरी पोचतो.

यावर उपाय अवघड नाही. सरकारी असो, महापालिकेचा असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर निदानाच्या शास्त्रीय नावाशेजारी रुग्णाच्या भाषेतले नाव लिहिले गेले पाहिजे. नाव नसेल तर साध्या मराठीत एक ओळ. कल्याण-डोंबिवली महापालिकेने आपल्या रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांपासून सुरुवात केली, तर नवी यंत्रे लागणार नाहीत की नवे पद भरावे लागणार नाही.

शास्त्रीय नावे हटवा, असे कोणी म्हणू नये. त्यांचे काम मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत उचकीलाही स्वतःचा क्रमांक आहे, आर ०६.६, तो कल्याणात आणि टोकियोत एकच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्नला १९२२मध्ये लागलेली उचकी १९९०पर्यंत थांबली नव्हती. अशा विलक्षण प्रकरणाचा अभ्यास जगभरच्या डॉक्टरांना करायचा असेल, तर सगळ्यांचा शब्द एकच हवा. विम्याच्या दाव्याला, दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना न्यायच्या चिठ्ठीला, संशोधनालाही तोच लागतो.

शिवाय आपले मराठी शब्दही नेहमी नेमके नसतात. ‘पित्त’ हाच शब्द घ्या. ‘मला पित्त झालंय’ म्हणणाऱ्याच्या छातीत जळजळ होत असेल, सकाळपासून अर्धशिशीने डोके फुटत असेल, किंवा अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली असेल. तिन्हींची कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. घरी मात्र बहुतेक वेळा आमसूलच पुढे येते. त्याहून वाईट म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याची पहिली कळही पुष्कळदा ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ या नावाखाली खपून जाते. ओवा खाऊन, सोडा पिऊन माणूस पडून राहतो आणि ज्या तासांत हृदयाचा स्नायू वाचवता येतो, ते निघून जातात.

नागिणीची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘हर्पिस झोस्टर’ यातला पहिला शब्द ग्रीकमधल्या सरपटण्याच्या क्रियापदावरून आला आणि दुसऱ्याचा अर्थ कमरेचा पट्टा. कमरेभोवती सरपटत जाणारे फोड पाहून ग्रीकांना आणि मराठी माणसांना जवळपास एकच चित्र सुचले. पण मराठी नावाबरोबर एक भीतीही चिकटली: नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो. वस्तुस्थिती अशी, की लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. म्हणून फोड सहसा मध्यरेषेपाशी थांबतात आणि वेढा पुरा होत नाही. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक. तेच तीन दिवस गेरूचे लेप आणि उतारे यांत गेले, तर पुढे कित्येक महिने त्या जागी आग होत राहू शकते. इथे डॉक्टरने फक्त ‘झोस्टर’ लिहून भागत नाही. ‘ही नागीणच, पण ती अशी होते आणि गोळी आजच घ्यायची’ एवढे मराठीत सांगितले, तर रुग्ण मांत्रिकाच्या दारातून परत फिरेल. आपल्या दुखण्याचे नाव डॉक्टरला ठाऊक आहे, हे कळले की माणूस त्याचे ऐकतो.

वेदनेच्या बाबतीत तर मराठी इतकी श्रीमंत आहे, की तो ठेवा डॉक्टरांनी वापरू नये याचे दुःख वाटते. रोनाल्ड मेल्झॅक यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रुग्ण वेदनेसाठी वापरतात ते शब्द गोळा केले आणि १९७५मध्ये ७८ शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना किती आहे याइतकेच ती कशी आहे हेही महत्त्वाचे, ही त्यामागची दृष्टी, आणि ती प्रश्नावली पुढे जगभर वापरली गेली. मराठी घरात हे काम रोज चालते. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारी वेदना. केसतूड पिकले की ठणकते. कळ येते आणि जाते. चमक निघते, सणक जाते. पाठीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, पोटात मुरडा पडतो, जखम चुरचुरते, डोळे चुरचुरतात आणि तळपायांची आग होते. ताप यायच्या आधी अंग मोडून येते, मग कणकण, मग हुडहुडी. ताप उतरल्यावरही ‘अंगात कसर आहे’ असे आजी म्हणते. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात शरीराच्या अशा शब्दांची रेलचेल आहे. दुखऱ्या दातात ‘ठणका’ आहे की थंड पाण्याने ‘सणक’ जाते, एवढ्यावरून दंतवैद्याला निम्मी वाट सापडते. केसपेपरवर मात्र या सगळ्याचे ‘पेन’ होते.

आणि काही दुखणी तर शब्दांच्या आडच राहतात. ‘अंगावरून जातं’, ‘अंग बाहेर येतं’ असे बायका खालच्या आवाजात सांगतात. समोरच्या डॉक्टरला तो वाक्प्रचार कळला नाही, तर दुसऱ्यांदा सांगायचे धैर्य होत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. कल्याणकरांना तर हे प्रकरण परके नसावे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत हेच मांडले होते, की इथल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे. चौदाव्या वर्षी त्यांचे दहा दिवसांचे बाळ दगावले होते. १८८६मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशातल्या परीक्षकांपुढे त्यांनी आपल्याकडचे ज्ञान ठेवले. वर्षभरातच, बाविसावे वर्ष पुरे व्हायच्या आधी, त्या गेल्या. मराठी बाईचे दुखणे मराठीत ऐकणारी डॉक्टर त्यांच्या रूपाने मिळणार होती.

मराठीतून आधुनिक वैद्यक शिकवण्याचा प्रयत्नही त्याआधीच झाला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१मध्ये मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकाची पुस्तके लिहिली. ऑक्टोबर २०२२मध्ये मध्य प्रदेशाने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके काढली तेव्हा आपल्याकडेही मराठीची चर्चा झाली. पाठ्यपुस्तकांचा तो वाद आपल्या जागी राहू द्या. दवाखान्यातल्या कागदासाठी त्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या ‘रॉयल कॉलेज’ संस्थांच्या अकादमीने २०१८मध्ये डॉक्टरांना सांगितले, की तपासणीनंतरचे पत्र थेट रुग्णालाच लिहा, साध्या भाषेत लिहा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांनाही ही गरज भासली. आपल्याकडे २०१६मध्ये औषधांची मूळ नावे सुवाच्य अक्षरांत, शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्याचा नियम झाला. औषधाचे नाव वाचता यावे हा जसा रुग्णाचा हक्क, तसा आजाराचे नाव कळावे हाही आहे.

कल्याण-डोंबिवलीतले डॉक्टर सगळेच मराठी घरांतले नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. रुग्णही आगरी, हिंदी, गुजराती, सिंधी, तमिळ बोलणारे असतात. म्हणूनच दुखण्यांच्या या शब्दांची शिकवण महाविद्यालयात व्हायला हवी. २०१९पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला जो फाउंडेशन कोर्स असतो, त्यात स्थानिक भाषेची तरतूद आहे. त्या तासांना ‘आपले नाव काय’, ‘कुठे राहता’ एवढ्यावर न थांबता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दोनेकशे शब्दांची यादी करून द्यावी: उसण, ठणका, कणकण, घेरी, दडे, चिखल्या, नखुरडे, वांग, चाई, रांजणवाडी, अंगावरून जाणे. प्रत्येकापुढे शास्त्रीय नाव, आणि कोणता शब्द ऐकताच तातडीने तपासायचे याची खूण. तोंडी परीक्षेत त्यातले पाच शब्द विचारावेत, म्हणजे विद्यार्थी ते मन लावून शिकतील. आणि इंटर्नशिपच्या वर्षात त्यांनी भरलेल्या प्रत्येक केसपेपरवर मराठी ओळ आहे की नाही, हे वरिष्ठांनी सही करण्यापूर्वी पाहावे.