घरच्या संगणकाला कुलूप कोणासाठी?

१९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. हेतू हा, की गावातल्या एका संगणकावर साऱ्या गावाने ऊसनोंद, वजन, बिल पाहावे. आता संगणक घरात आला, आणि थोरल्या चिरंजीवांनी त्याला पासवर्ड घालून ठेवला! ऊसबिलाचा हिशेब, सातबारा, धाकटीचा अभ्यास, सगळे एका कुलपाआड. चिरंजीव चार दिवस पुण्याला गेले की घर अडलेच म्हणायचे.

कुलूप नकोच, असे आमचे म्हणणे नाही. पोरेटोरे खेळता खेळता हिशेबाची फाईल पुसून बसतात, हे खरेच आहे. पण म्हणून वाड्याचा दरवाजाच बंद करायचा? विंडोजमध्ये एकाच यंत्रावर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते काढता येते. ज्याच्या फायली त्याच्या खात्यात, ज्याचा पासवर्ड त्याच्यापाशी. पोरांना साधे खाते द्यावे, म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या फायलींना हात लावता येत नाही.

खरी सत्ता असते ती मुख्य खात्याकडे. ते एकट्या मुलाच्या हाती का? कित्येक घरांत शेअर आईच्या किंवा सुनेच्या नावावर असतो. बिल जिच्या नावाने निघते तिलाच हिशेब बघायला मुलाची परवानगी लागावी, हे आम्हाला पटत नाही. बँकेचा पासवर्ड नि ओटीपी मात्र ज्याचा त्यानेच जपावा. तिथे नाते बघू नये.

मुख्य खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, शेअर सर्टिफिकेटाशेजारी कपाटात ठेवावा. आणि कपाटाची किल्ली घरच्या बाईकडे.