वीज गेल्यानंतरचा हिशेब



शेगावात आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर आहे आणि छतांवर सौर पॅनेलही दिसू लागले आहेत. तरीही वीज गेल्यावर घरातले नेमके काय चालू राहिले पाहिजे आणि किती वेळ, हा प्रश्न खरेदीपूर्वी क्वचितच विचारला जातो. परिणामी खर्च होतो आणि अंधार मात्र टळत नाही. या स्थितीला ग्राहक जबाबदार आहेतच, परंतु विक्रेते आणि अनुदानाचे धोरण आखणारे शासन यांचा वाटा त्याहून मोठा आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

2005 साली राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले, त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने कठोर भारनियमनात काढली. मागणीच्या मानाने वीज अपुरी असल्यामुळे ठरावीक भागाचा पुरवठा ठरावीक वेळी बंद ठेवणे, म्हणजे भारनियमन. वीजहानी आणि थकबाकी पाहून वाहिन्यांचे गट पाडले जात आणि गटाप्रमाणे अंधाराचे तास ठरत. पारसचे औष्णिक केंद्र शेगावहून फार दूर नाही, पण तेथे निर्माण होणारी वीज राज्याच्या जाळ्यात जाते, त्यामुळे या शेजाराचा घरातल्या दिव्याला वेगळा लाभ कधीच मिळाला नाही. मात्र त्या काळच्या अंधाराला वेळापत्रक होते. आजचे कारण बहुधा स्थानिक असते: अवकाळी वाऱ्यात तारेवर पडलेली फांदी, किंवा गल्लीतले सगळे कूलर एकाच वेळी सुरू असताना भार न पेलून जळालेले रोहित्र. असा खंड केव्हा संपेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून किती उपकरणे चालतात यापेक्षा मोजकी उपकरणे किती वेळ चालतात हा निकष महत्त्वाचा ठरतो.

हा निकष लावून केलेला हिशेब अवघड नाही. सर्वसाधारण घरात 12 व्होल्टची 150 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. या दोन आकड्यांचा गुणाकार 1800 वॅट-तास होतो. एक वॅटचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे एक वॅट-तास. शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास लवकर निकामी होते, म्हणून निम्मीच ऊर्जा वापरावयाची असे धरले आणि इन्व्हर्टरमधील घट वजा केली, तर हाती सुमारे 750 वॅट-तास उरतात. जुन्या पद्धतीचे 75 वॅटचे दोन पंखे आणि 9 वॅटचे चार एलईडी दिवे यांचा भार 186 वॅट होतो, म्हणजे चार तासांत ही ऊर्जा संपते; तेच पंखे बदलून सुमारे 30 वॅटचे बीएलडीसी (ब्रशरहित मोटारीचे) पंखे लावले, तर भार 96 वॅटवर येऊन तीच बॅटरी पावणेआठ तास पुरते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत हा सल्ला दुकानात मिळत नाही, आणि तो न मिळण्याचे कारण उघड आहे.

कूलरचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो, कारण मे महिन्याच्या विदर्भात तो चैनीची वस्तू नाही. मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून दीडशे ते दोनशे वॅट घेतात. म्हणून घरात लहान मूल, वृद्ध किंवा रुग्ण असेल त्या एका खोलीचा लहान कूलर इन्व्हर्टरवर घ्यावा आणि बाकीच्या खोल्यांना पंख्यांवर भागवावे लागेल, हे आधीच ठरवून तेवढीच वायरिंग वेगळी काढणे श्रेयस्कर. घरी प्राणवायू यंत्र वापरणारा रुग्ण असेल, तर ते एकटेच सुमारे 300 वॅट घेते. अशा घरासाठी वरचा हिशेब अपुरा आहे आणि तेथे स्वतंत्र बॅटरीखेरीज भरलेला सिलिंडर जवळ असणे अनिवार्य आहे.

देखभालीच्या बाबतीत या तालुक्याची माती आणि पाणी दोन्ही प्रतिकूल आहेत. शेगाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, मोडते. बॅटरीत बोअरचे किंवा नळाचे पाणी ओतल्यास त्यातील क्षार पत्र्यांवर परिणाम करून बॅटरीचे आयुष्य घटवतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच वापरावयास हवे. घरच्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही. अर्थिंगचेही तसेच आहे: काळी जमीन उन्हाळ्यात आकसून भेगाळते, मातीचा अर्थिंगच्या नळीशी संपर्क सुटतो आणि गळतीच्या प्रवाहाला जमिनीत जाण्यास वाट उरत नाही, तर क्षारयुक्त मातीत लोखंडी नळी गंजते; त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालणे आणि दरवर्षी तपासणी करून घेणे येथे इतर गावांपेक्षा अधिक गरजेचे आहे. बॅटरी टिनाच्या छताखाली ठेवण्याची पद्धतही सोडावयास हवी, कारण भोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. शिवाय भरताना तिच्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, म्हणून जागा सावलीची आणि हवेशीरही असावी.

सर्वांत मोठा गैरसमज सौर पॅनेलविषयी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. वीजबिल कमी करण्यासाठी ही योजना उत्तम आहे. परंतु तिच्याखाली बसवला जाणारा सर्वसाधारण संच महावितरणच्या वाहिनीशी जोडलेला असतो आणि वाहिनी बंद पडताच तोही आपोआप बंद पडतो. म्हणजे टळटळीत दुपारी छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल असूनही खालच्या खोलीतला पंखा थांबतो. हे बंद पडणे योग्यच आहे, कारण तसे न झाल्यास छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाऊन दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनचा बळी घेईल. खंडाच्या वेळीही पॅनेलचा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च जास्त असतो आणि अनुदान मात्र पॅनेलच्या किलोवॅटवर ठरते, बॅटरीवर नाही. घरावर कर्ज काढून संच बसवणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट पहिल्या वादळानंतर कळणे हा अन्याय आहे.

लाइनमनच्या जिवाला असलेला हाच धोका जनित्राच्या बाबतीत माणसे स्वतः निर्माण करतात. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनित्राची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडली आणि मुख्य स्विच चालूच राहिला, तर तीच वीज उलट दिशेने रोहित्रात जाते आणि पलीकडच्या तारेवर 11,000 व्होल्टपर्यंत चढते. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकाच स्रोताशी घर जोडणारा स्विच, बसवल्यास हा धोका टळतो. त्याची किंमत जनित्राच्या तुलनेत नगण्य आहे, आणि तो नसलेली जोडणी हा गंभीर गुन्हा मानला गेला पाहिजे.

अखंड वीज देणे हे महावितरणचे काम असताना ग्राहकाने दुसऱ्यांदा पैसे का मोजावेत, हा आक्षेप रास्त आहे आणि घरच्या तयारीमुळे तो निकाली निघत नाही. किंबहुना बॅटरी परवडत नाही अशा घरांसाठी रोहित्रांची क्षमता वाढवणे आणि पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणे हाच एकमेव उपाय आहे, आणि तो आग्रहाने मागितला पाहिजे. मात्र वादळ कोणत्याही कंपनीला थांबवता येत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतील.

त्यासाठी तीन मागण्या तातडीच्या आहेत. वीज गेल्यावर संच चालेल की नाही, हे विक्रेत्याने ग्राहकाच्या सहीच्या मराठी कागदावर स्पष्ट लिहून देणे बंधनकारक करावे. मर्यादित क्षमतेच्या बॅटरीला, निदान घरी रुग्ण असलेल्या कुटुंबांसाठी, राज्याने स्वतंत्र अनुदान द्यावे. आणि 1983 पासून शेगावात असलेल्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांकडून प्रभागनिहाय घरांच्या भाराची आणि अर्थिंगची तपासणी करून घेण्याचा उपक्रम हाती घ्यावा. ही तपासणी एप्रिलच्या आत, काळी जमीन पुरती भेगाळण्यापूर्वी, सुरू झाल्यास त्याच उन्हाळ्यात तिचा उपयोग होईल.

– एक वाचक, शेगाव (जि. बुलडाणा)