दाखवण्याचा कार्यक्रम

पूर्वी मुलगी दाखवण्याचे जे कार्यक्रम होत, त्यांतले काही निव्वळ देखाव्याचे असत. देणेघेणे ठरलेले, कार्यालय घेतलेले, पत्रिका छापखान्यात गेलेल्या. आणि मग मुलीला विचारायचे, ‘पसंत आहे ना?’ तिने ‘नाही’ म्हटले तर पुढे काय, याचा विचार कोणीच केलेला नसे. संगणकाच्या नव्या प्रणालींचे जे ‘प्रिव्ह्यू’ हल्ली आपल्यापुढे मांडले जातात, त्यांतले पुष्कळसे याच जातीचे असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत हवेतले नाही. पुराव्यादाखल एक जुने, आता पुरते निकालात निघालेले प्रकरण घेतो. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ८’चा पहिला प्रिव्ह्यू १३ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतील अ‍ॅनहाइम येथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी खुला केला. दुसरा २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बार्सिलोनात, सर्वसामान्य ग्राहकांसाठी. दोन्ही फुकट. दोन्ही मी एका रिकाम्या जुन्या यंत्रावर बसवून पाहिले.

बसवण्याबद्दल माझी तक्रार नाही. तीन जीबीहून मोठी फाइल उतरवून घ्यायची, ती डीव्हीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर चढवायची आणि यंत्र त्यावरून सुरू करायचे. दुसऱ्या प्रिव्ह्यूत पडद्यावर प्रथम एक मासा दिसे. ‘बेटा’ नावाचा मासा आणि ‘बीटा’ आवृत्ती, असा तो विनोद होता. मग अटी मान्य करायच्या, डिस्कचा भाग निवडायचा, रंग निवडायचा, यंत्राला नाव द्यायचे, की झाले. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, एक जीबी मेमरी आणि १६ जीबी जागा एवढ्यावर ते भागे. म्हणजे ‘विंडोज ७’ चालवणाऱ्या यंत्राला हे ओझे नव्हते. मात्र एक अट ध्यानात ठेवण्याजोगी होती: परत ‘विंडोज ७’वर जायचे तर मूळ डिस्क घेऊन सगळे पुन्हा बसवावे लागे. अभिमन्यूलाही आत शिरण्याची वाट ठाऊक होतीच.

खरा प्रश्न आत गेल्यावर सुरू होई. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ विक्रीस आली, तेव्हापासून पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ नावाचे एक बटण होते. सोळा वर्षे कारकुनाने, विद्यार्थ्याने, दुकानदाराने, डीटीपी करणाऱ्याने दिवसाची सुरुवात तेथून केली. पहिल्या प्रिव्ह्यूत ते बटण राहिले. पण ते दाबले की यादीऐवजी रंगीत चौकटींचा अख्खा पडदा समोर येई, आणि आपला नेहमीचा डेस्कटॉप त्या चौकटींतली एक चौकट होऊन बसलेला असे. दुसऱ्या प्रिव्ह्यूत बटणच गेले. दोन प्रिव्ह्यूंच्या दरम्यान एक लाखाहून अधिक बदल केले, असे कंपनीने अभिमानाने सांगितले होते. त्या लाखांत हाही एक.

बटणाच्या जागी काय आले? कोपरे. डाव्या खालच्या कोपऱ्यात टोकाशी बाण नेला, तर स्टार्टचा पडदा. डाव्या वरच्या कोपऱ्यात नेला, तर मागे राहिलेला प्रोग्रॅम. उजव्या कोपऱ्यात नेला, तर पाच चिन्हांची एक पट्टी. यंत्र बंद करायचे असेल, तर ती पट्टी काढायची, तीत ‘सेटिंग्ज’, तीत ‘पॉवर’, आणि त्यात ‘शट डाउन’. कोपरा मात्र दिसायला कोराच! ज्याला तेथे काही आहे हे ठाऊक नाही, त्याने ते शोधायचे कसे, आणि जे दिसतच नाही त्याविषयी शेजाऱ्याला विचारायचे तरी काय? बोटाने चालवायच्या पाटीवर ही रचना शोभत असेल. टेबलावरच्या यंत्राला माउस असतो, बोट नसते, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

यावर दोन उत्तरे ठरलेली असत. पहिले: लोकांना बदल नको असतो. हे उत्तर मला उद्धट वाटते. माझ्या पिढीतले लोक टंकलेखन यंत्रावरून संगणकावर आले, काळ्या पडद्यावरच्या आज्ञांवरून चित्रांवर आले. त्यांना बदलाची भीती दाखवणाऱ्याने आधी आपला इतिहास वाचावा. हाताला लागलेले वळण हा आळस नव्हे. ती माणसाने वर्षानुवर्षे स्वतःच्या वेळेतून जमवलेली पुंजी आहे. ती घ्यायची तर तिचा मोबदला दिला पाहिजे.

दुसरे उत्तर आकड्यांचे. ‘व्हिस्टा’च्या मानाने ‘विंडोज ७’मध्ये स्टार्ट यादीचा वापर ११ टक्क्यांनी घटला, असे मायक्रोसॉफ्टने २०११ साली दाखवून दिले. घटला असेल. नेहमीचे प्रोग्रॅम खालच्या पट्टीवर टाचून ठेवण्याची सोय ‘विंडोज ७’नेच वाढवली होती! पण वाड्याच्या मागल्या दाराने पूर्वीपेक्षा कमी माणसे जातात, म्हणून कोणी ते दार लिंपून टाकत नाही. किती वेळा वापरले हे यंत्र मोजते. न मिळाल्यास किती अडेल, हे फक्त माणूस सांगतो. आणि माणसे तर सांगतच होती.

सांगत होती, पण तीही कोणत्या भाषेत? ग्राहकांसाठीचा तो प्रिव्ह्यू इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि चिनी अशा पाच भाषांत निघाला. इंग्रजी सोडली तर आपल्या देशातल्या एकाही भाषेला त्यात जागा नव्हती. पंगतीला बोलावणे सर्वांना, वाढणे मात्र निवडक पानांवर.

आणि झाले काय? २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ बटणाविनाच विक्रीस आली. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘८.१’ आली आणि बटण परतले, यादी नाही. यादी परतली ती २९ जुलै २०१५ रोजी, ‘विंडोज १०’बरोबर. पहिल्या प्रिव्ह्यूत जे उघड दिसत होते, ते मान्य व्हायला जवळजवळ चार वर्षे आणि पेट्यांत भरून विकलेला एक माल लागला.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कामात तक्रारी ऐकत बसणे शक्य नसते. शक्य असते. त्याच १३ सप्टेंबरला, पण अकरा वर्षे आधी, २००० साली, अ‍ॅपलने ‘मॅक ओएस एक्स’ची सार्वजनिक बीटा २९.९५ डॉलरला विकली. तीत पूर्वापार डाव्या कोपऱ्यात असलेली सफरचंदाची यादी काढून टाकली होती. सफरचंद पट्टीच्या मधोमध नुसते शोभेला ठेवले होते. लोकांनी ओरड केली. २४ मार्च २००१ रोजी पक्की आवृत्ती आली, तेव्हा सफरचंद पुन्हा डावीकडे होते आणि दाबले की उघडत होते. यादीतला मजकूर पूर्वीचा नव्हता. पण जागा मिळाली. सहा महिन्यांत मिळाली.

रंगीत तालमीला चार जाणत्यांना बोलावतात, ते टाळ्यांसाठी नव्हे. अंक लांबला असे त्यांनी म्हटले तर कात्री चालवता यावी म्हणून. तिकीटविक्री संपल्यावर केलेल्या तालमीत कात्री असते, पण हात नसतो. म्हणून प्रिव्ह्यू काढणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, माझे तीनच मागणे आहे. काय अजून ठरलेले नाही, ते आधी जाहीर करा. आलेल्या हरकतींपैकी कोणत्या मानल्या, कोणत्या फेटाळल्या आणि का, ते छापा. आणि परत जाण्याची वाट उघडी ठेवा. एवढे जमत नसेल, तर खुशाल नवा माल विका, जाहिरात करा, रोषणाई करा. मात्र आम्हांला ‘पसंत आहे ना?’ असे विचारू नका. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर चालत नाही, तो प्रश्नच नव्हे.