कागद वाचता आला पाहिजे

गेल्या महिन्यात ब्लॅक रिव्हर भागातील एका मराठी कुटुंबाने आपल्या मुलाचे पत्र आम्हांस वाचावयास दिले. हा मुलगा शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका बांधकामावर साइट असिस्टंट म्हणून काम करतो. पत्रात खुशाली होती, उन्हाची तक्रार होती आणि एका चुकीची हकीकत होती. ती हकीकत आम्ही त्या कुटुंबाच्या संमतीने, नावगाव वगळून, येथे देत आहोत. कारण ती आपल्यापैकी कोणाच्याही मुलाची असू शकते.

हमरिया हे नाव पुष्कळ वाचकांना नवीन असेल. संयुक्त अरब अमिरातीतील शारजाच्या शासकांनी १९९५ साली हुकूम काढून आखाताच्या किनाऱ्यावर हा औद्योगिक पट्टा वसविला. त्याला स्वतःचे बंदर आहे आणि तेथे १४ मीटर खोल पाणी असल्यामुळे मोठी जहाजे धक्क्याला लागतात. भोवती पोलादाचे कारखाने, तेलाच्या टाक्या आणि समुद्रात उभारावयाच्या अवजड सांगाड्यांची यार्डे आहेत. आपल्या बेटावर १९७० साली एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोनचा कायदा झाला व १९९२ साली फ्रीपोर्टचा झाला. तोच विचार तेथे वाळवंटाच्या काठी मांडला आहे, असे म्हणता येईल. उद्योजक जमीन भाड्याने घेतो व तिच्यावर आपली शेड बांधतो. त्यामुळे हमरियात कोठे ना कोठे पाया खणणे चालूच असते.

अशाच एका पायावर आमच्या मुलाची चूक झाली. पोलादी शेडचे खांब ज्या बोल्टांवर उभे राहतात ते बोल्ट पायाच्या काँक्रीटमध्ये आधीच रोवावे लागतात. त्यांच्या जागेचे ड्रॉइंग सल्लागार अभियंत्याकडून शिक्का होऊन परत आले. शिक्क्यावर शब्द होते ‘अप्रूव्हड ॲज नोटेड’. मुलाने पहिला शब्द वाचला आणि मंजुरी आली असे फोरमनला सांगितले. परंतु त्या शिक्क्याचा अर्थ ‘लिहिलेल्या दुरुस्त्यांसह मंजूर’ असा होतो. दुरुस्ती खाली लाल शाईने लिहिलेली होती : बोल्टांची एक रांग १५० मिलिमीटर सरकवावी. कोणी सरकविली नाही. काँक्रीट सुकले, क्रेनने खांब आणला, तेव्हा खांबाच्या तळपट्टीची भोके एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे. पाया फोडून पुन्हा करावा लागला.

दोष कोणाचा याचा निवाडा आम्ही करीत नाही. घाई सर्वांनाच होती. आमचा प्रश्न निराळा आहे. हा मुलगा अशिक्षित नव्हता. शाळेत तो वर्षानुवर्षे इंग्रजीतून शिकला, आणि स्कूल सर्टिफिकेटला त्याला इंग्रजीत चांगले गुण होते. त्याला निबंध लिहिता येतो, उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे देता येतात. मग दोन इंचांच्या शिक्क्याने त्याला का फसविले?

आम्हांस वाटते, याचे कारण असे की तो जे इंग्रजी शिकला ते परीक्षेचे होते आणि पुढ्यात आले ते कामाचे. आपल्या घरी क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, शाळेत इंग्रजी आणि संध्याकाळच्या वर्गात मराठी. चार भाषांमध्ये वाढलेले आपले मूल शब्दांना घाबरत नाही. परंतु बांधकामावर एक चमत्कारिक गोष्ट असते. तेथे तोंडाची भाषा निराळी आणि कागदाची भाषा निराळी. आपल्याकडे गवंडी छताच्या साच्याला ‘कोफ्राज’ म्हणतो, मुंबईचा मुकादम त्यालाच ‘सेंट्रिंग’ म्हणतो, आणि आखातातील कागदावर ‘फॉर्मवर्क’ किंवा ‘शटरिंग’ असे लिहिलेले असते. वस्तू एकच, नावे चार. हमरियाच्या साइटवर दिवसभर हिंदी, उर्दू, मल्याळम, बंगाली आणि अरबी कानांवर पडते, हातवाऱ्यांनी निम्मे काम होते. पण ड्रॉइंग, हुकूम, बिल, तक्रार आणि खुलासा हे सारे इंग्रजीत. तोंडी बोललेले दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही, कागद मात्र राहतो.

या कागदावरचे कठीण शब्द फारसे धोक्याचे नसतात, कारण ते आपण कोशात पाहतो. धोका असतो तो ओळखीच्या शब्दांचा. ‘प्रोग्राम’ म्हटले की आपल्याला गणेशोत्सवातील झाकरीचा कार्यक्रम आठवतो. साइटवर प्रोग्राम म्हणजे कोणते काम कोणत्या दिवशी सुरू व्हावे आणि संपावे याचा तक्ता. ‘क्रिटिकल’ म्हणजे रोगी अत्यवस्थ, असे आपण समजतो. तेथे क्रिटिकल म्हणजे ज्या कामाला एक दिवस उशीर झाला की सारी इमारत एक दिवस मागे पडते ते काम. ही हिशेबाची रीत अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीच्या कारखान्यांसाठी तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. ‘फ्लोट’ म्हणजे तरंगणे नव्हे. एखादे काम किती दिवस लांबले तरी चालेल ती सवड म्हणजे फ्लोट. ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ यात पातळ असे काही नाही. उशिराबद्दल रोजचा किती दंड, हे आधीच ठरवून ठेवलेले असते, तो हा आकडा. ‘रिटेन्शन’ म्हणजे काम नीट निभावेपर्यंत मालकाने बिलातून राखून ठेवलेली रक्कम.

यांहूनही लहान शब्द आहेत. करारात ‘शॅल’ असेल तर ते केलेच पाहिजे, ‘मे’ असेल तर करण्याची मुभा आहे. ‘सब्जेक्ट टू’ हे दोन शब्द दिसले की पुढची अट वाचल्याशिवाय पाऊल उचलू नये. व्याकरणाच्या पुस्तकात या शब्दांना अर्धे पान मिळते. साइटवर त्यांच्यामागे पैसा उभा असतो.

किती पैसा, हे एका उदाहरणाने पाहू. सल्लागार अभियंत्यांची ‘फिडिक’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९१३ साली स्थापन झाली. तिने १९५७ साली बांधकामाच्या कराराचा एक नमुना छापला. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला ‘रेड बुक’ म्हणतात. आखाती देशांत याच घराण्यातील करार सर्रास चालतात. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत एक कलम आहे : ठेकेदाराला जादा मुदत किंवा जादा पैसे मागावयाचे असतील, तर कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत त्याने लेखी नोटीस दिली पाहिजे. न दिल्यास त्याचा हक्क जातो. समजा, मालकाने जागा उशिरा ताब्यात दिली. चूक मालकाची, नुकसान ठेकेदाराचे. तरीही साइटवरील कोणी चार ओळी वेळेवर लिहिल्या नाहीत, तर नुकसान भरून मागण्याचा रस्ताच बंद होऊ शकतो. ज्याला त्या चार ओळी लिहिता येतात, तो साइट असिस्टंट फार दिवस असिस्टंट राहत नाही.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी साइटवर ‘टूलबॉक्स टॉक’ होतो. आज कोठे खोदाई आहे, क्रेन कोणत्या बाजूने फिरणार, बंद टाकीत उतरण्यासाठी परवाना लागेल, हे सांगितले जाते आणि शेवटी एका कागदावर सर्वांच्या सह्या घेतात. त्या कागदाचा अर्थ ‘मला समजले’ असा असतो. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई आहे. हा नियम ज्याने वाचला आहे तोच तो मागू शकतो. समुद्रावरच्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. निरनिराळ्या देशांच्या खलाशांत गैरसमज होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली इंग्रजीतील ठराविक वाक्यांचा संग्रहच मंजूर केला. आपण बेटावरची माणसे, आपल्याला त्याचे मोल समजावून सांगावयास नको.

वाचकहो, कागदाच्या भाषेचा विषय निघाला की आम्हांस आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या आठवतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजाने पहिले गिरमिटिये येथे आले. पुढे मुंबईच्या बंदरातून, रत्नागिरीकडच्या गावांतून आपले पूर्वजही आले. ‘गिरमिट’ हा शब्द कोठून आला? ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचाच तो अपभ्रंश. आपल्या पूर्वजांच्या तोंडी आलेला पहिला इंग्रजी शब्द बहुधा हाच असेल, आणि तो त्यांना वाचता येत नव्हता. कागदावर किती वर्षे, किती पगार, किती खाडे लिहिले आहेत, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. शब्द ओठांवर आला, अर्थ मात्र पाठीवर सोसून कळला.

आज आखातात जाणारा आपला मुलगा गिरमिटिया नाही. तो विमानाने जातो, शिकून जातो, स्वतःच्या इच्छेने जातो. कायदेही पुष्कळ सुधारले आहेत. २०१६ पासून अमिरातीच्या कामगार मंत्रालयाने नोकरीचा देकार अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा भाषेतही दाखविण्याची व्यवस्था केली. त्यासाठी ठरविलेल्या भाषांत हिंदी, उर्दू, बंगाली, मल्याळम, तामिळ होत्या. मराठी नव्हती आणि क्रिओलही नव्हती. म्हणजे आपल्या मुलापुढे कागद येतो तो इंग्रजीतच. तो वाचता आला नाही, तर विमानाने जाऊनही आपण त्याच पायरीवर उभे आहोत, असे म्हणण्याची पाळी येईल.

आणि ही गोष्ट परदेशी जाणाऱ्यांपुरतीच नाही. २०१७ साली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने आपल्याकडे मेट्रो एक्सप्रेसचे काम सुरू केले, तेव्हा आपल्या बेटावरच आपल्या मुलांनी हा सारा कागदोपत्री संसार जवळून पाहिला. रोझ हिलला राहून लागणारे इंग्रजी आणि हमरियात लागणारे इंग्रजी एकच आहे.

मग हे शिकावे कसे? आमची सूचना साधी आहे. आपल्याकडे घराचा स्लॅब घालणे हा एक सणच असतो. दाल कुले करण्याच्या दिवशी भाऊबंद, शेजारी, मित्र पहाटे जमतात, मिक्सर फिरतो, बादल्या हातोहात वर चढतात आणि दुपारी सर्वांची पंगत बसते. त्या दिवशी घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती एक वही द्यावी व त्याला साइटचा रोजनामा इंग्रजीत लिहावयास सांगावे. तारीख, हवा, माणसे किती, सिमेंटच्या गोण्या किती आल्या, काम किती वाजता सुरू झाले, पाऊस आला तेव्हा किती वेळ थांबले, उद्या काय करावयाचे. दहा ओळी पुरेत. ‘काँक्रीट वॉज पोअर्ड’ लिहिताना कर्मणी प्रयोग आपोआप येतो. ‘द मिक्सर हॅज स्टॉप्ड’ आणि ‘द मिक्सर स्टॉप्ड’ यांतला फरक छतावर उभ्या असलेल्या मुलाला जितका लवकर कळतो, तितका बाकावर बसलेल्याला कळत नाही. काल झाले ते, आज चालले आहे ते आणि उद्या होणार ते, असे तिन्ही काळ एका पानावर येतात.

आपल्या मंडळांनीही याला हातभार लावावा. बांधकामावर नोकरी केलेले पुष्कळ सुपरव्हायझर, स्टोअरकीपर, सर्व्हेयर आपल्या समाजात आता निवृत्त होऊन बसले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी एखादे जुने ड्रॉइंग, कोरा टूलबॉक्स कागद, नोटिशीचा नमुना घेऊन यावे. प्रत्येक शब्द मुलाने इंग्रजीत वाचावा आणि मराठीत समजावून सांगावा.

मराठीत का, असे कोणी विचारील. मराठीच्या वर्गाची जागा इंग्रजीने घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. उलट, ज्या मुलाला ‘प्लंब’ म्हणजे ओळंब्यात आणि ‘स्क्वेअर’ म्हणजे गुण्यात हे सांगता येते, त्याला तो शब्द खरोखर कळला आहे. जो केवळ मान डोलावतो, त्याला कळला नसेल. ओळंबा आणि गुण्या हे शब्दही त्या निमित्ताने मुलांच्या कानांवर पडतील. नाही तर ते वापरणारा तरी कोण उरला आहे?

त्या मुलाच्या पत्राचा शेवट सांगून आम्ही हा लेख संपवितो. तो लिहितो की आता ड्रॉइंग हातात आले की तो शिक्का शेवटी वाचतो. आधी लाल शाई कोठे आहे ते शोधतो आणि जे समजत नाही ते फोरमनला सर्वांच्या देखत विचारतो. आरंभी त्याला लाज वाटे. पाया फुटताना पाहिल्यापासून वाटत नाही.